मुंबई ते नागपूर : दीड तासाचा हिशेब

आमच्या लहानपणीं नागपूरच्या आत्याबाईंकडे जाणें म्हणजे घरांतील एक सोहळाच असे. आदल्या दिवसापासून दशम्या, चटणी, फिरकीचा तांब्या, वळकटी अशी सिद्धता चाले. संध्याकाळीं बोरीबंदरास गाडींत बसावें, थळघाट चढण्यासाठीं कसाऱ्यास मागें जोडलेलीं इंजिनें पाहावीं, मध्यरात्रीनंतर भुसावळ आलें म्हणजे अर्धवट झोपेंत फलाटावरचा चहा घ्यावा आणि सकाळीं वर्धा मागें पडली कीं सामान आवरूं लागावें. लोहमार्गानें हें अंतर ८३७ किलोमीटर आहे.

यंदा माघांत आत्याबाईंच्या प्रकृतीचें वर्तमान आलें आणि आम्ही प्रथमच विमानानें निघालों. मुंबई व नागपूर येथील विमानतळांमधील सरळ अंतर सुमारें ६८५ किलोमीटर आणि वेळापत्रकांतील वेळ दीड तास! आम्हीं उत्साहानें आत्याबाईंस दूरध्वनीवरून कळविलें, "नऊला निघतों, साडेदहाला पोहोंचतों." परतीचें तिकीटही त्याच रात्रीचें काढलें.

परंतु हा दीड तास विमानाचा असतो, प्रवाशाचा नव्हे, हें आमच्या ध्यानीं उशिरा आलें. विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर उभें राहीपर्यंतचा काळ तेवढा त्यांत धरतात. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींस छेदून जातात. त्यामुळें दोहोंचा एकाच वेळीं स्वतंत्रपणें उपयोग करतां येत नाहीं व विमानांस रांगेंत तिष्ठावें लागतें. प्रत्यक्ष आकाशांत आम्ही तासाहून थोडाच अधिक वेळ होतों. हिंवाळ्यांत उंचावरील वारा पश्चिमेकडून वाहतो, म्हणून नागपूरकडे जातांना तो पाठीशीं असतो व परततांना आडवा येतो. पावसाळ्यांत याच्या उलट.

आतां आमचा हिशेब पाहा. दादरचें घर सहाला सोडलें, कारण विमानतळावर दोन तास आधीं हजर राहावें लागतें. नागपुरास उतरून सामान हातीं येण्यास अर्धा तास, तेथून महालांतील वाड्यापर्यंत आणखी अर्धा. उंबरठा ओलांडला तेव्हां साडेअकरा झाले होते. दीड तासाचे साडेपांच तास झाले!

आत्याबाई दहा वाजल्यापासून ओटीवर बसून होत्या. डॉक्टरांनीं उठूं नका म्हणून बजावलें होतें, तरी कोणाचें ऐकलें नाहीं. आम्ही ओशाळलों. जेवतांना रात्रींच परतण्याची गोष्ट निघाली. त्या हंसून म्हणाल्या, "आगगाडीनें येत होतां तेव्हां पंधरा दिवस राहत होतां रे."

१९४९ सालीं रात्रींची विमानटपाल सुरू झाली, तेव्हां मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघालेलीं विमानें मध्यरात्रीं नागपुरास एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या गांवीं परत जात. थैल्यांना तें शोभतें. आम्हीं परतीचें तिकीट रद्द केलें, बुडालेल्या पैशांचें दुःख मानलें नाहीं, आणि आठ दिवस राहून आगगाडीनें परतलों.

वाचकांस एवढेंच सुचवावेंसें वाटतें कीं, विमानानें आप्तांकडे जातांना वेळापत्रकांतील वेळेंत चार तास मिळवून मगच येण्याची वेळ कळवावी. वाट पाहणारा माणूस म्हातारा असल्यास तर अवश्यच. आणि वांचलेली रात्र त्याच्याच घरीं घालवावी.