मुक्या खांबांचा ऑक्टोपस

त्याला मान नाही, खांदे नाहीत, पोटही नाही. एक गोल डोकं आणि त्याखाली थेट आठ कुरळे पाय. क्रोशाच्या खेळण्यांत हत्ती सोंडेवर मिरवतो, ससा कानांवर, अस्वल ढेरीवर. ह्याच्याजवळ मिरवण्यासारखं काही नाही. टेबलावर ठेवला की पाय पसरून बसतो, उचलला की आठही पाय खाली सुटून हलत राहतात. स्वभावानं गरीब. पण त्याच्याएवढं नेमकं काम दुसऱ्या कुठल्या विणलेल्या प्राण्याकडे असल्याचं मला माहीत नाही. सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाच्या काचेच्या पेटीत शिरायचं आणि त्याच्या मुठीत आपला पाय द्यायचा.

तो शेंड्यापासून खाली वाढतो. धाग्याचं कडं करायचं, त्यात सहा मुके खांब, म्हणजे क्रोशाचे साधे आखूड टाके, घालायचे आणि शेपटी ओढून कडं बंद करायचं. पुढच्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन, म्हणजे बारा. मग अठरा, चोवीस, तीस. दर फेरीला सहाच वाढतात याला कारण आहे. मुका खांब जेवढा रुंद, जवळजवळ तेवढाच उंच असतो. वर्तुळाची त्रिज्या एका टाक्यानं वाढली की परीघ सव्वासहा टाक्यांच्या आसपास वाढतो. तो पाव टाका धाग्याच्या ताणात सामावून जातो. चारच वाढवले तर वाटी होऊ लागते, दहा वाढवले तर कडेला झालर येते. डोकं हवं तेवढं रुंद झालं की वाढवणं थांबवायचं, तेवढ्याच टाक्यांच्या काही फेऱ्या सरळ घ्यायच्या, मग घटवत यायचं. फेऱ्या एकमेकींना जोडायच्या नाहीत, गोल गोल चढत जायचं. पहिल्या टाक्यात वेगळ्या रंगाचा दोरा अडकवून ठेवला नाही तर फेरी कुठे संपली ते कळत नाही. जपानमधून जगभर गेलेल्या अमिगुरुमी खेळण्यांची हीच रीत. सुई मात्र धाग्याच्या वेष्टनावर लिहिलेल्या मापापेक्षा बारीक घ्यायची. टाके इतके घट्ट हवेत, की आत भरलेला फायबर कुठूनही डोकावता कामा नये.

डोकं म्हणजे शिस्त आणि पाय म्हणजे तीच शिस्त मुद्दाम मोडणं. पायासाठी आधी साखळी घालायची आणि परत येताना प्रत्येक साखळीत दोन किंवा तीन मुके खांब घालायचे. पहिल्या चार-पाच साखळ्यांपर्यंत नुसती जाडसर पट्टी दिसते. मग ती बोटांखाली वळू लागते. तुम्ही काहीच वेगळं करत नसता, पण एका कडेला साखळी तेवढीच आणि दुसऱ्या कडेला दुप्पट-तिप्पट टाके, त्यांना सपाट बसायला जागाच उरत नाही. म्हणून पट्टी स्वतःभोवती पिळत जाते आणि जुन्या टेलिफोनच्या वायरीसारखी गुंडाळी तयार होते. कॉर्नेल विद्यापीठातल्या गणितज्ञ डायना टायमिना यांनी १९९७ साली जादा टाक्यांच्या याच युक्तीनं हायपरबोलिक प्रतल, म्हणजे कडेकडे झालरीसारखा वळत जाणारा पृष्ठभाग, क्रोशावर विणून दाखवलं. कागदावर डोळ्यांपुढे आणणं कठीण असलेली भूमिती विद्यार्थ्यांना हातात धरता आली. समुद्रातल्या खऱ्या ऑक्टोपसच्या सुमारे पन्नास कोटी चेतापेशींपैकी दोन-तृतीयांश त्याच्या पायांत असतात. सुती ऑक्टोपसचंही तसंच, त्याची सगळी अक्कल पायांत.

ह्या पायांना काम मिळालं ते डेन्मार्कमध्ये, २०१३ साली. वेळेआधी जन्मलेल्या एका मुलीच्या वडिलांनी क्रोशा विणणाऱ्या एका बाईंना तिच्यासाठी ऑक्टोपस करून द्यायला सांगितलं. एवढ्या लहान बाळाच्या नाकातून पोटात दुधाची नळी गेलेली असते, छातीवर वायरी चिकटवलेल्या असतात. हाताला काही लागलं की मूठ मिटायची, ही खोड बाळ गर्भातूनच घेऊन येतं. तिथे नाळ हाताला लागत होती, इथे नळी लागते आणि ती ओढली जाते. पिळदार पाय हाताशी असला तर मूठ त्याच्यावर मिटते. कल्पना एवढीच. डेन्मार्कमधून ती किती तरी देशांत गेली, स्वयंसेवक बायका विणू लागल्या, काही रुग्णालयांनी ऑक्टोपस मागवून घेतले.

मला ह्या प्राण्याबद्दल आदर वाटतो तो त्याच्यावरच्या बंधनांमुळे. धागा शंभर टक्के सुती. पाय ताणून मोजला तरी २२ सेंटिमीटरपेक्षा लांब नको, नाहीतर बाळाच्या गळ्याभोवती वेढा बसू शकतो. साठ अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुतलेलं त्याला सोसलं पाहिजे. डोळे दोऱ्यानं भरलेले. प्लॅस्टिकचे नाहीत, मण्यांचे नाहीत, बटणांचे तर नाहीतच. सजवण्याचा मोह किती जबरदस्त असतो ते विणणाऱ्यांना विचारा. डोक्यावर टोपी सुचते, गळ्यात रिबन सुचते, पायांच्या टोकांना गोंडे सुचतात. त्या प्रत्येक गोष्टीला नाही म्हणणं हेच ह्या प्राण्याचं डिझाइन आहे. ससा घडवताना आपण काय घालावं याचा विचार करतो, ह्याला घडवताना काय घालायचं नाही याचा. माझ्या मते क्रोशातली ही सगळ्यात अवघड कामगिरी, कारण त्यात विणणारीचा हौसेचा हात कुठेच दिसता कामा नये.

त्याच्यावर नको तेवढा भार मात्र टाकू नये. ऑक्टोपसमुळे बाळांचे ठोके आणि श्वास स्थिरावतात असं पुष्कळदा सांगितलं जातं, पण त्याबद्दलचा शास्त्रीय पुरावा थोडका आहे. आईच्या उघड्या छातीशी बाळ धरून ठेवण्याची कांगारू पद्धत १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातल्या बोगोटात सुरू झाली, आणि तिचे फायदे भरपूर अभ्यासांनी सिद्ध झाले आहेत. आईच्या त्वचेची जागा ऑक्टोपस घेऊ शकत नाही. आई घरी जाते, दुसऱ्या वॉर्डात असते, जेवायला उठते, त्या वेळेपुरता तो सोबती. अशा सोबत्याची गरज पडणारी बाळं थोडीथोडकी नाहीत. २०२० साली जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं ३७ आठवडे भरण्याआधी जन्मली, त्यांतली ३० लाखांच्या घरातली भारतात. आपल्याकडे टोपडी आणि मोजे विणणाऱ्या आज्या-मावश्या घरोघरी होत्या, अजूनही आहेत. मुका खांब त्यांना नव्यानं शिकवावा लागणार नाही. फक्त करायला घेण्याआधी रुग्णालयातल्या नर्सबाईंना विचारावं, कारण बाहेरची वस्तू आत घ्यायची की नाही हे संसर्गाच्या भीतीनं प्रत्येक ठिकाणी वेगळं ठरतं.

त्याचा चेहरा शेवटी येतो. डोळे खालच्या बाजूला आणि एकमेकांपासून लांब भरले की तो तान्हा दिसतो, वर सरकवले की लगेच मोठ्या माणसासारखा. तोंडाला दोऱ्याचा एकच टाका पुरतो. मग प्रत्येक पाय जोरात ओढून पाहायचा, टोकं आत खोल शिवून टाकायची, गरम पाण्यात धुऊन वाळवायचा. धुतल्यावर पाय जरा सैलावतात. बोटाभोवती एकदा गुंडाळले की पुन्हा पिळावर येतात.

पेटीतून बाहेर पडलेल्या बाळाबरोबर तो घरी जातो. तिथे नियम बदलतो. पेटीत बाळावर यंत्रांचं आणि नर्सचं लक्ष असतं, घरच्या पाळण्यात तसं नसतं, म्हणून झोपलेल्या तान्ह्या बाळाजवळ कुठलंच मऊ खेळणं ठेवू नये आणि ह्यालाही त्यातून सूट नाही. वर्षभर त्यानं फडताळावर बसावं. पुढे बाळ रांगू-चालू लागलं की त्याला पायाला धरून घरभर ओढेल, आणि एखादा पाय तोंडात जाईलच. तेव्हा गडद रंगाचा धागा असेल तर विणायला घेण्याआधी त्याचा तुकडा पांढऱ्या फडक्यात गुंडाळून गरम पाण्यात रात्रभर भिजत घालायचा. फडक्यावर रंग उतरला, तर तो धागा तोरणासाठी ठेवायचा.