तिरपे खिळे

भोसरी एमआयडीसीतल्या माझ्या छापखान्यात आता शिशाच्या टाइपाचा एकही खिळा नाही. जुळणी संगणकावर होते, छपाईची प्लेटही थेट संगणकावरून निघते. तरी कुणी संशोधनाचं पुस्तक छापायला आणलं, की मी आधी शेवटची संदर्भसूची उघडतो. खंड, वर्ष, पान. हे तिन्ही छापखान्याचे हिशेब.

मी जुळारी म्हणून शिकलो तेव्हा शास्त्रीय मजकुराची धास्ती वाटे. जिवाणूंची लॅटिन नावं तिरप्याच टाइपात हवीत. म्हणजे एका नावासाठी सरळ खिळ्यांची केस, म्हणजे खणांची पेटी, सोडून तिरप्या खिळ्यांच्या केसकडे जायचं आणि परत यायचं. रासायनिक सूत्रातले बारीक अंक चिमट्याने बसवायचे. आकृतीसाठी जस्ताचा ब्लॉक, त्याचे पैसे चौरस इंचावर. लेखक आकृत्या गाळत. वाचकाला काय दिसावं, हे असं जस्ताच्या भावावर ठरे.

आमचा भोसरी-पिंपरीचा पट्टा मोटारींचा म्हणून ओळखला जातो. पण १९५४ साली पिंपरीत उभ्या राहिलेल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सने औषधांबरोबर स्वतःची संशोधनपत्रिकाही काढली. तिच्या १९६१ च्या तिसऱ्या खंडात, १३६व्या पानापासून, एम. जे. तिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी हॅमायसिन या बुरशीवरच्या प्रतिजैविकाचा शोध मांडला. ते तयार करणाऱ्या जिवाणूचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. आपल्या पिंपरीचं नाव, तिरप्या अक्षरांत! हॅमायसिनचं मूळ शोधणारा अजूनही त्याच खंडाकडे, त्याच पानाकडे जातो. फर्म्यात, म्हणजे छपाईच्या चौकटीत, आवळलेलं पान जागचं हलत नाही.

ऑनलाइन पत्रिकांत आता पानाऐवजी लेखाचा क्रमांक असतो. त्याचं मला दुःख नाही. आकृती गाळावी लागत नाही, ही केवढी सोय! मला काळजी प्रूफांची आहे. धातूतली चूक काढणं जिकिरीचं, म्हणून आम्ही दोघं बसायचो: एक मूळ प्रत मोठ्याने वाचणार, दुसरा प्रूफावर बोट फिरवणार. एकदा एका औषधाच्या तक्त्यात माझ्या हातून टिंब सुटलं आणि २.५ चे २५ झाले. फर्मा मशीनवर चढण्याआधी या वाचनातच ते सापडलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. आता ‘नंतर बदलू’ म्हणत फाइल पुढे जाते, आणि तोवर कुणीतरी तो आकडा उतरवून घेतलेला असतो.

प्रबंध लिहिणाऱ्यांना एवढंच सांगतो: निदान तक्ते तरी कुणाला समोर बसवून, टिंबासकट मोठ्याने वाचून घ्या.