दोनशे सतरा ठोके

ज्याला कमी ऐकू येते त्याच्याविषयी हिंदी-पंजाबी भाषक 'ऊँचा सुनता है' असे म्हणतात. मराठीत आपण 'त्याला कमी ऐकू येते' असे सांगून मोकळे होतो. एक भाषा उणीव नोंदवते, दुसरी समोरच्याने काय करावयाचे ते सुचवते. चंडीगढमध्ये आयुष्य घालवलेल्या एका निवृत्त मराठी गुरुजींना हा भेद उमगला तो कानाला यंत्र लागल्यावर. शेजारी आपणहून आवाज चढवीत. अडचण माणसांची नव्हती, मोबाइलची होती. सांगलीहून मुलीचा फोन आला की तिच्या 'बाबा, ऐकताय ना?' या प्रश्नाआधीच यंत्रात गुणगुण सुरू होई. 'तू बोल, पण मध्ये भुंगा बोलतो आहे,' असे ते तिला सांगत.

हा भुंगा खरा होता. जीएसएम पद्धतीत एकाच लहरीवर आठ जणांची आळीपाळीने सोय केलेली असते. प्रत्येकाची पाळी सेकंदाला सुमारे २१७ वेळा येते. पाळी आली की हँडसेट लहरी सोडतो, संपली की थांबतो. रेडिओलहरी कोणत्याही कानाला ऐकू येत नाहीत. परंतु हे सुरू होणे आणि थांबणे मात्र श्राव्य टप्प्यात पडते. श्रवणयंत्रातील तारा ते टिपतात आणि यंत्र आपल्या इमानाला जागून ते मोठे करून कानात ओतते. पेटीवर शोधू गेल्यास हा स्वर पांढरी सहाच्या किंचित खाली सापडतो. गुरुजींनी तो शोधलाही होता.

शेजाऱ्यांची चिंता निराळी होती. निवासी वस्तीतील मोबाइल मनोऱ्यांना अनेक शहरांत विरोध झाला. चंडीगढचे सेक्टर त्यास अपवाद नव्हते. येथे भाषेच्या अभ्यासकाने क्षणभर थांबावे. मराठी वृत्तपत्रांनी या लहरींसाठी 'किरणोत्सर्ग' हा शब्द सर्रास वापरला. तो शब्द अणूच्या विघटनाचा. १९८६ मधील चेर्नोबिलची छाया त्याच्यावर पडलेली. मनोऱ्याच्या लहरींत अणूतून इलेक्ट्रॉन उखडण्याइतकी ऊर्जा नसते. 'प्रारण' हा त्यांच्यासाठी अचूक शब्द, पण त्याने कोणी दचकत नाही, आणि बहुधा म्हणूनच तो रुजला नाही. शंका घेण्यास जागा नव्हती असे मात्र नाही. २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने या लहरींना 'कदाचित कर्करोगकारक' या गटात घातले. पुढे २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या आढाव्यात मोबाइलच्या वापराचा मेंदूच्या कर्करोगाशी संबंध आढळला नाही. मधल्या काळात, १ सप्टेंबर २०१२ पासून, भारताने हँडसेटसाठी शरीराच्या किलोग्रॅममागे १.६ वॅट ही शोषणाची मर्यादा ठरवली आणि मनोऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादेचा दहावा भाग. *#०७# दाबले की अनेक हँडसेट आपला आकडा स्वतःच सांगतात.

परंतु मनोरा दूर गेला की हँडसेटला ओरडून बोलावे लागते. संदेश क्षीण असेल तेथे जीएसएमचा हँडसेट आपल्या पाळीपुरती दोन वॅटपर्यंत शक्ती लावतो. डोक्याला चिकटलेले उत्सर्जन वाढते, भुंगाही वाढतो. गुरुजींनी हे सांगून मनोऱ्याविरुद्धच्या निवेदनावर सही करण्याचे नाकारले. 'मास्टरजींना काय, त्यांना ऐकूच येत नाही,' असे कोणी पुटपुटले. पुटपुटलेले त्यांना ऐकू आले नाही, ते बरेच झाले.

जुना काळा दूरध्वनी या बाबतीत दिलदार होता. त्याच्या रिसीव्हरमधून थोडे चुंबकीय क्षेत्र सहज गळत असे. श्रवणयंत्रातील टेलिकॉइल नावाचे वेटोळे ते गळलेले उचलून त्याचे शब्द करी. रचनेतला हा ढिलेपणा कोणाला तरी उपयोगी पडत होता. नवे रिसीव्हर काटेकोर झाले आणि गळती थांबली, तेव्हा तक्रारी आल्या. अमेरिकेने १९८८ मध्ये दूरध्वनी श्रवणयंत्राशी जुळलाच पाहिजे असा कायदा केला, पण मोबाइलला त्यातून वगळले. ती सवलत २००३ मध्ये आवरती घेतली गेली. मग हँडसेटना एम३, टी३ अशा श्रेणी मिळू लागल्या: पहिले अक्षर गुणगुणीसाठी, दुसरे वेटोळ्यासाठी. सर्वच नव्या हँडसेटना ही अट लागू करण्याचा निर्णय व्हावयास २०२४ उजाडले.

सेक्टर बावीसमधल्या एका दुकानात गुरुजींनी ही श्रेणी विचारली होती. दुकानदाराने आदराने ऐकून घेतले आणि फोनचा आवाज पूर्ण मोठा करून दाखवला. शोषणाचा आकडा त्याला पाठ होता. भीतीला गिऱ्हाईक असते. श्रेणीविषयी आजवर कोणी विचारले नव्हते.

पुढे ४जी आले. त्यात संभाषणाच्या लहरी तशा ठोक्यांनी तुटत नाहीत आणि शक्तीही कमी लागते. नव्या हँडसेटवर सांगलीचा आवाज स्वच्छ येऊ लागला. मुलगी खोकली तरी कळे. कालका ओलांडून गाडी कसौलीच्या चढाला लागली आणि हँडसेट जुन्या जीएसएमवर उतरला, की मात्र कानात पांढरी सहाखालचा तो स्वर पुन्हा लागतो. 'घाट आला गं,' असे सांगून गुरुजी फोन ठेवतात.