नावलौकिकाचे धागे

सोलापूरच्या चाटी गल्लीतील एका दुकानात चादरींच्या चळतीवरून हात फिरवीत असता, जिच्या काठावर ‘सोलापूर’ ही अक्षरे ठसठशीत विणलेली होती तीच चादर पानिपतच्या मागावरून उतरलेली आहे असे दुकानदाराने सांगितले, आणि एका गावाचे नाव दुसऱ्या गावी विणले जावे याची रुखरुख पुष्कळ दिवस माझ्या मनातून गेली नाही. नागपूरचे संत्रे, जळगावचे केळे, आमच्या मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी यांचा लौकिक माती राखते. हातांच्या कसबावर उभा राहिलेला लौकिक मात्र माणसांमागे चालू लागतो. पैठणीला नाव दिले पैठणने, पण तिचे माग आज येवल्यात अधिक चालतात.

सोलापूरची चादर तरी मूळची कोणाची? तेलंगणातून पोटासाठी या मुलखात आलेल्या पद्मशाली विणकरांनी तिला रूप दिले. लहानपणी मामांचे बोट धरून मी शहराच्या पूर्व भागात जाई, तेव्हा गल्लीच्या तोंडाशीच मराठी मागे पडे आणि तेलुगू कानी येऊ लागे. उंबऱ्यावर बसून कांड्या भरणाऱ्या बायका, ओसरीवर विड्या वळणाऱ्या त्यांच्या सुना, आणि आत, अंधाऱ्या खोलीत, मागाच्या डोक्यावर टांगलेली जकार्डची ती भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची लांबच लांब माळ, जिच्यातील एकेक पुठ्ठा पुढे सरकला की नेमके तेवढेच ताण्याचे धागे वर उचलले जात, त्यांखालून धोटा सपकन निघून जाई, आणि अशा शेकडो पुठ्ठ्यांच्या फेऱ्यांनंतर मोराच्या पिसाऱ्यातील एखादा डोळा पुरा होई. ‘पुठ्ठ्याला हात लावू नकोस, बाळ, मोर आंधळा होईल,’ असे म्हातारे विणकर आजोबा मला बजावीत, आणि ते मी अक्षरशः खरे मानी. एवढ्या मेहनतीच्या वस्तूस पुढे भौगोलिक मानांकनाची सनद मिळाली, हे न्याय्यच झाले.

तथापि परमुलखात सोलापूर म्हणताच लोकांना केवळ चादर आठवावी याचे मला वाईट वाटते. 1930 सालचा मार्शल लॉ ज्या शहराने सोसला, आणि 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी गेलेले मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिशन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन हे ज्याचे चार हुतात्मे, त्याची ओळख बाजारपेठेच्या दप्तरापुरती उरू नये.

आणि काही गावांचे श्रेय तर दुसऱ्याच गावाच्या नावे जमा होते. मिरजेचा तंबोरा देशभर वाजतो; शस्त्रे घडविणाऱ्या शिकलगारांनी तेथे तारांची विद्या आत्मसात केली, ती खरोखर थोर होय. पण त्या तंबोऱ्याचा भोपळा पिकतो आमच्या पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शिवारात. गायकाच्या मांडीशी विसावलेल्या त्या घुमटाकार भोपळ्यावर शेतकऱ्याच्या गावाचे नाव कोणी कोरीत नाही. माझ्या मते, मिरजेच्या कारागिराने आपल्या नावाशेजारी तेही अवश्य कोरावे.