दोन बोटांची जागा

कुत्रा पाळायचा तर त्याला शिस्त हवी, असे माझे ठाम मत होते. होते, असे म्हणतो; कारण गेल्या मे महिन्यात तीन महिन्यांच्या एका पिलाने ते माझ्याकडून काढून घेतले.

पिलाचे नाव वाघ्या. बारशाच्याच दिवशी तो शेजारच्या मांजरीला भिऊन पलंगाखाली दडला होता, ही गोष्ट सोडा. नावाला साजेसा थाट हवा म्हणून मी चार बोटे रुंद, पितळी खिळे ठोकलेला कातडी पट्टा आणि लोखंडी साखळी घेऊन आलो. तो सरंजाम गळ्यात पडताच वाघ्या मटकन खाली बसला. सौभाग्यवतींनी शांतपणे विचारले, "अहो, हे कुत्र्याचं पिल्लू आहे की पोळ्याचा बैल?"

शहाणा माणूस इथेच थांबला असता. मी दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला वाघ्याला फिरायला काढले.

नागपुरातल्या मे महिन्याचे दहा म्हणजे काय, हे पुण्या-मुंबईच्या वाचकांना सांगून कळायचे नाही. २३ मे २०१३ रोजी इथला पारा ४७.९ अंशांवर गेला होता. आम्ही नागपूरकर हा आकडा असा सांगतो, जणू तो आम्हीच चढवला! तेव्हा डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा, पायांत जाड चपला अशा बंदोबस्ताने मी निघालो. वाघ्याच्या पायांत काय आहे, हा प्रश्न मला पडला नाही.

डांबरी रस्त्यावर येताच तो एकेक पाय उचलू लागला. मला वाटले, नाचतो आहे. मग तो मागे ओढू लागला. मला वाटले, हट्ट करतो आहे. मी साखळीला हिसका दिला. थोड्याच वेळात त्याची जीभ लांब बाहेर आली, तोंडातून चिकट लाळ गळू लागली, पाय लटपटले आणि तो कोलमडला.

कोपऱ्यावर पाणपोई होती. तिथली म्हातारी धावत आली. तिने आधी पट्टा सोडवला, पिलाला कडुनिंबाच्या सावलीत नेले, बादलीतले साधे पाणी पोटावर, पंजांवर ओतले आणि ती पदराने वारा घालू लागली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "लेकराले काहून पोळवता, साहेब? तुमी चप्पल काढून उभे राहा नं जी जरासक. मंग समजन."

मी रस्त्यावर जाऊन चप्पल काढली. पाच आकडे मोजून होण्याआधी पाय पुन्हा चपलेत होता.

जनावरांच्या डॉक्टरांनी वाघ्याला सलाइन लावले आणि मला फैलावर घेतले. "कुत्र्याला घाम येतो तो पंजांच्या गादीला, तोही नावापुरता. अंगातली उष्णता तो धापा टाकून बाहेर काढतो. आणि तुम्ही नेमका त्याचा गळाच जखडलात!"

त्या दिवसापासून मी विद्यार्थी झालो. फिरणे उजाडताना, नाहीतर रात्री रस्ता निवल्यावर. आधी हाताची पालथी बाजू सात सेकंद रस्त्यावर टेकवून पाहायची; आपल्याला सोसले नाही तर त्यालाही सोसणार नाही. पिलाची हाडे अजून वाढीची, म्हणून दौड नाही; थोडे हिंडायचे आणि तो थांबला की आपणही थांबायचे. पट्टा सपाट, हलका, साध्या बकलाचा. त्याच्याखाली दोन बोटे सहज सरकली पाहिजेत, पण डोक्यावरून निसटेल इतका सैलही नको. मान भराभर वाढते, म्हणून दर आठवड्याला तपासायचा. ओढायची खोड असेल तर दोरी गळ्याला न बांधता छातीच्या पट्ट्याला बांधायची.

उन्हाच्या तडाख्यातून वाघ्या दोन दिवसांत बरा झाला. माझ्यातून बरा व्हायला त्याला महिना लागला. साखळीचा नुसता आवाज झाला तरी तो पलंगाखाली जाई आणि मी हात पुढे केला की मान आखडून घेई.

आता दिवाळीची गुलाबी थंडी पडली आहे. वाघ्या चांगला थोराड झाला आहे. पितळी खिळ्यांचा तो पट्टा आज त्याला बरोबर बसेल. पण तो मी दाराआड टांगून ठेवला आहे, बाहेर पडताना माझ्या नजरेस पडावा म्हणून. दर रविवारी सकाळी मी वाघ्याच्या साध्या पट्ट्याखाली दोन बोटे घालून पाहतो. तो आपण होऊन मान वर करतो. त्याने ती तशी वर करावी, म्हणून मी पुष्कळ दिवस वाट पाहिली आहे.