फुटाला चार इंच

चिंगीला कुणी उचलून घेतलेलं खपत नसे. घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मात्र ती मांडीवर हवी असायची. लांब कान, आखूड पाय आणि ओलसर डोळे एवढा ऐवज समोर आला की माणसाचे हात आपोआप पुढे होतात. चिंगी त्या हातांखालून निसटायची, थोडं लांब जाऊन बसायची आणि पाहुण्याकडे पाठ करायची. पाठ चांगली लांबलचक असल्यामुळे अपमानही भरपूर व्हायचा.

ती डॅशहाउंड जातीची. साताऱ्याच्या शनिवार पेठेतल्या आमच्या जुन्या घरात धाकट्या दिरांनी तिला आणलं, तेव्हा सासूबाईंनी, म्हणजे आईंनी, अट घातली होती की कुत्रं ओसरीच्या आत येणार नाही. पहिल्याच पावसाळ्यात ती अट मोडीत निघाली आणि खिडकीजवळचा दिवाण चिंगीच्या ताब्यात गेला. ही जागा सासऱ्यांच्या, म्हणजे अप्पांच्या, वामकुक्षीची. मग दोघं अर्धाअर्धा दिवाण वापरू लागले. खिडकीतून गल्ली दिसायची आणि गल्लीतल्या प्रत्येकाबद्दल चिंगीचं काही ना काही मत होतं. दूधवाला, रद्दीवाला, शाळेच्या रिक्षा यांना ती जाऊ द्यायची. पिग्मी ठेवीचे पैसे गोळा करायला येणाऱ्या गृहस्थांना कधीच नाही.

या जातीचे पूर्वज जर्मनीत बॅजर नावाच्या, बिळात राहणाऱ्या दणकट जनावराच्या शिकारीसाठी तयार केले गेले. बिळात शिरायचं म्हणून पाय आखूड, आत तोंडाला तोंड द्यायचं म्हणून छाती भरदार. 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकचं शुभंकर होतं ‘वाल्डी’ नावाचा डॅशहाउंड. ऑलिंपिकचं ते पहिलं अधिकृत शुभंकर, असं दीर येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे. आमच्याकडे बॅजर नव्हता, पण मोरीमागे घुशी होत्या. चिंगी खांद्यापर्यंत बिळात शिरायची आणि बाहेर फक्त हलणारी शेपटी दिसायची. एकदा तिने खरोखरच एक घूस मारली आणि तुळशीवृंदावनापाशी आणून ठेवली. त्या दिवशी एकादशी होती. आईंनी दोघींनाही, म्हणजे घुशीला आणि चिंगीला, एकाच सुरात नावं ठेवली.

ती सहा वर्षांची असताना एका सकाळी दिवाणापाशी नुसती उभी राहिली. वर बघायची, पण उडी घेईना. पाठीला कमान आली होती, मान खाली आणि अंग थरथरत होतं. अजीर्ण असेल, ओवा द्या, असा सल्ला शेजारून आला. अप्पांनी पाठीवर हात ठेवला तशी ती किंचाळली. संध्याकाळपर्यंत मागचा डावा पाय उलटा पडायला लागला. पंजाच्या तळव्यावर नाही, वरच्या बाजूवर ती चालत होती. अप्पांनी स्वतःच्या गुडघेदुखीची गोळी अर्धी करून ठेवली होती. जनावरांच्या डॉक्टरांनी ती आधी फेकायला लावली. माणसांना चालणारं आयब्युप्रोफेन कुत्र्याच्या पोटात व्रण करतं आणि मूत्रपिंडं निकामी करू शकतं. ‘दुखतंय म्हणून घरातलं काहीही द्यायचं नाही,’ एवढं त्यांनी तीनदा सांगितलं.

मग त्यांनी चिमट्याने मागच्या पायाचं बोट दाबलं. चिंगी गर्रकन वळून त्यांच्या मनगटावर धावली. डॉक्टर खूश झाले. ‘चावायला आली ना? मग आशा आहे.’ खोलवरची वेदना कळेनाशी झाली की शस्त्रक्रियेसाठी घाई करावी लागते आणि ती केली तरी पाय परत येतीलच असं नसतं. चिंगीला वेदना कळत होती.

मणक्यांच्या मधे ज्या चकत्या असतात, त्यांचा बाहेरचा भाग चिवट असतो आणि आतला गर मऊ. डॅशहाउंडमध्ये हा गर कोवळ्या वयातच, पहिल्या-दुसऱ्या वर्षीच घट्ट व्हायला लागतो, ओल्या खोबऱ्याचं सुकं व्हावं तसा. मग त्यात चुना धरतो. झटका बसला की तो कडक गर चकती फोडून वर येतो आणि मज्जारज्जूला दाबतो. आखूड पायांमागे एका जनुकाची जादा प्रत आहे हे 2009 साली संशोधकांनी दाखवलं. तशीच आणखी एक प्रत 2017 साली सापडली आणि तिचा संबंध थेट या चकत्यांच्या दुखण्याशी निघाला. म्हणजे माणसांनी हौसेने आणि कामासाठी जे आखूड पाय निवडले, त्यांच्याबरोबर ही पाठ आली. साधारण चार-पाच डॅशहाउंडांतल्या एकाला आयुष्यात हा त्रास होतो. जातिवंत कुत्री विकणारे हे कधी सांगत नाहीत.

चार आठवडे चिंगीला लहानशा कठड्यात बंद ठेवायचं होतं. औषधं, झोप, आणि शू-शीपुरतं बाहेर. या काळात तिला उचलावंच लागे. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांच्या मुळाशी, पाठ सरळ आडवी. चिंगी ते सहन करायची, पण उचलणाऱ्याकडे बघायची नाही. मला वाटतं, त्या दुखण्यात तिला सगळ्यांत जास्त लागलं ते हेच. उचलून घेण्यात खरा आनंद असतो तो उचलणाऱ्याला.

पाय हळूहळू ताळ्यावर आले. डॉक्टरांनी बजावलं, यापुढे उडी नाही. ना वर, ना खाली. खाली मारलेली जास्त वाईट. कुत्र्याचं सुमारे साठ टक्के वजन उभं असतानाच पुढच्या पायांवर असतं, उडी खाली आली की सगळा दणका तिथूनच पाठीत जातो. दिवाणाची उंची होती अठरा इंच. आपल्याला अठरा इंच म्हणजे गुडघा. चिंगीला तिच्या स्वतःच्या उंचीच्या जवळजवळ दुप्पट.

दिवाण काढून टाकता येईना, आत घरभरच्या गोधड्या होत्या. अप्पांनी जमिनीवर गादी घालून झोपायची तयारी दाखवली, पण मग अप्पांना उठवायला माणूस लागला असता. दिरांनी पुण्याहून स्पंजच्या पायऱ्या पाठवल्या. प्रत्येक पायरीवर लांब पाठीला एक बाक पडायचा आणि वर स्पंज दबायचा. लहान, आटोपशीर पाठीच्या कुत्र्यांना पायऱ्या चालत असतील, डॅशहाउंडला नाही. चिंगीने त्यांचा एकच उपयोग मान्य केला. खालच्या पायरीवर हनुवटी टेकून ती झोपायची.

शेवटी सुतारमिस्त्री आले. साताऱ्यात जोत्याच्या घरांना मोटारसायकल चढवायला जी लोखंडी किंवा सिमेंटची उतरण असते, तशा त्यांनी पुष्कळ बसवल्या होत्या. त्याच हिशेबाने त्यांनी दोन फुटांची फळी आणली आणि दिवाणाला टेकवून बघितली. मग चिंगीकडे बघितलं, फळीकडे बघितलं आणि स्वतःच मान हलवली. ‘गाडीला इंजिन असतंय वहिनी. हिला कुठलं?’

अपंगांच्या चाकाच्या खुर्चीसाठी एक फूट चढायला बारा फूट लांबी धरतात, हे मला ठाऊक होतं. त्या मापाने अठरा इंचांना अठरा फूट. मिस्त्री म्हणाले, ‘तेवढी केली तर समोरच्यांच्या उंबऱ्यातनं चढायला लागंल.’ चार पायांच्या जनावराला एवढं नको. आम्ही कागदावर आकडे मांडत, खाली विटा ठेवून फळी वरखाली करत एका चढावर आलो, फुटाला चार इंच. जमिनीवर साडेचार फूट जागा, फळीची लांबी पावणेपाच फूट. अंशांत मोजलं तर हा चढ अठराच्या थोडा वर. वयस्क किंवा नुकत्याच बऱ्या झालेल्या कुत्र्यासाठी याहून उभा नसावा असं माझं मत आजही आहे. बाजारात मिळणाऱ्या घडीच्या उतरणी बहुतेक आखूड असतात, कारण खोक्यात मावायला हव्यात.

बाकीचं कामही मिस्त्रींनी मन लावून केलं. बारा मिलिमीटरचा प्लायवुड, एक फूट रुंद, खाली मधोमध टेकू. कडेला दोन-दोन इंचांच्या पट्ट्या, म्हणजे पाय बाहेर जायला नको. वर काथ्याची चटई, घट्ट ठोकलेली, नखं रुतायला. आडव्या पट्ट्या मारू का, असं त्यांनी विचारलं तेव्हा आम्ही चिंगीला उभी करून तिच्या पोटाखाली टेप धरला. तिने टेप चावला, पण जाड पट्ट्या पोटाला आणि पावलाला अडतील हे तेवढ्यात कळलं. आमची शहाबादी फरशी वर्षानुवर्षं पुसून आरशासारखी झालेली, तिच्यावर फळी सरकणार. म्हणून फळीच्या तळाला सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या लावल्या. आणि दोन्ही टोकांना पिवळा पट्टा. हे माझं डोकं. कुत्र्यांच्या चपळाईच्या स्पर्धांत चढ-उताराच्या अडथळ्यांची टोकं पिवळी रंगवतात, हे मी पाहिलं होतं. तांबडं-हिरवं कुत्र्यांना नीट वेगळं दिसत नाही. पिवळं आणि निळं दिसतं.

शिकवण्याचं काम आईंनी आपणहून घेतलं. ओसरीच्या आत कुत्रं नको म्हणणाऱ्या त्याच. त्यांनी फळी आधी जमिनीवर सपाट ठेवली आणि तिच्यावर बाजरीच्या भाकरीचे तुकडे मांडले. तुकडे संपले की चिंगी उतरायची; फळीला काही गुण आहे हे तिला कबूलच नव्हतं. मग एका टोकाखाली एक वीट, काही दिवसांनी दुसरी. ओढायचं नाही, ढकलायचं नाही, पट्टा लावायचा नाही. ‘तिला वाटलं पाहिजे, तिनंच शोधून काढलीय,’ असं आईंचं तत्त्व.

चढायला ती शिकली, पण खरी अडचण उतरताना आली. फळीवरून वर जायचं आणि पिग्मीवाले दिसले की दिवाणाच्या दुसऱ्या बाजूने थेट जमिनीवर उडी. उतरण घेणाऱ्या पुष्कळ घरांत हेच होतं आणि मग लोक म्हणतात, फळीचा उपयोग झाला नाही. आम्ही दिवाणाच्या उघड्या बाजूला लोड आणि तक्के लावून भिंत केली. जाण्यायेण्याला फळी एवढीच वाट ठेवली. अप्पांना आत शिरायला तक्के हलवावे लागायचे. त्यांनी तक्रार केली, पण चिंगीसमोर नाही.

ओसरीच्या तीन पायऱ्यांसाठी नंतर साडेपाच फुटांची दुसरी फळी झाली. तिच्यावरचा काथ्या पावसात कुजून बुळबुळीत झाला, तेव्हा खाचांची रबरी चटई घातली. उघड्यावरच्या फळीला काथ्या नकोच.

वजनही उतरवावं लागलं. अकरा किलोवरून नऊवर यायला बरेच महिने लागले. अप्पा कंदी पेढ्याचा कोपरा मोडून द्यायचे हे कळेपर्यंत काटा जागचा हलत नव्हता.

फळी आल्यानंतरची चिंगी पुन्हा आपल्या मर्जीची झाली. रात्री उठून पाणी पिऊन यायची, उन्हाची तिरीप सरकली की तिच्यामागे सरकायची, पाहुण्यांनी हात पुढे केला की संथपणे फळी उतरून निघून जायची. उडी मारून पळण्यापेक्षा हे जास्त झोंबायचं. फळीने पाठ बरी होत नाही, हे मात्र सांगितलं पाहिजे. नवव्या वर्षी तिची पाठ पुन्हा धरली, तीही अंगणात नुसती चालत असताना. पुन्हा कठडा, पुन्हा औषधं आणि त्या काळात फळी भिंतीला उभी. दुखणं ताजं असताना चढ-उतार अजिबात चालत नाही. त्यातूनही ती उठली.

चौदाव्या वर्षी ती गेली, पाठीने नव्हे, मूत्रपिंडांच्या विकाराने. शेवटच्या आठवड्यापर्यंत दिवाणावर आपल्या पायांनी जात होती.

दिवाणाची फळी पेठेतल्याच एका म्हाताऱ्या पॉमेरेनियनकडे गेली. त्याच्या गुडघ्याची वाटी सरकते. मागच्या गल्लीतल्या तीस किलोच्या लॅब्रेडॉरला मात्र ती पुरली नसती. त्याच्यासाठी मिस्त्री दीड फूट रुंदीची, जाड प्लायवुडची नवी करताहेत. तुमच्या घरी लांब पाठीचं किंवा उतारवयाचं कुत्रं असेल, तर त्याच्या आवडत्या जागेची उंची मोजा, तिला तीनने गुणा आणि जमिनीवर तेवढी जागा मोकळी करा. ते धडधाकट उड्या मारतंय तोवरच फळी लावून शिकवून ठेवा. पाठ धरल्यावर शिकवायला डॉक्टर परवानगी देत नाहीत.