आजीची पेटी

बोईसरची आजी मुलीकडे दिल्लीला प्रथमच विमानाने निघाली होती. पेटीत सातपाटीचे सुके बोंबील घट्ट डब्यात बसले, वर घोलवडचे चिकू आणि तांदळाचे पापड. आगगाडीच्या दुसऱ्या वर्गात ३५ किलो सामान विनामूल्य नेता येते. देशातल्या विमानप्रवासात मात्र बहुधा १५ किलोच, शिवाय हातातली ७ किलोंची पिशवी. त्याहून अधिक प्रत्येक किलोचे भाडे निराळे. ते आधी भरले तर बहुधा कमी पडते, विमानतळावर अधिक. मायेला वजन नसते म्हणतात. विमानवाल्यांना ते मान्य नाही!

सून वजनकाट्यावर उभी राहिली : ५२. पेटी उचलून पुन्हा उभी राहिली : ७०. नातीने वजाबाकी केली. १८ किलो!

"चिकू काढा," सून म्हणाली. "त्यांच्या किमतीहून भाडेच जास्त होईल."

आजी काही बोलली नाही. तिने सारे सामान बाहेर काढले आणि रिकामी पेटीच काट्यावर ठेवली. ती भरली ४ किलो. मग तिने फळीवरची जाड कापडी पिशवी मागितली. तिचे वजन अवघे १ किलो.

चिकू पुन्हा पापडांशेजारी जाऊन बसले.